मोट्टै माडी

आमच्या घरात वीजमंडळाची पांढरी कार्डं एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेली आहेत. चेन्नईत मंडळाला सगळे 'ईबी' म्हणतात. दर दोन महिन्यांनी ईबीचा माणूस येतो, मीटर बघतो आणि कार्डावर आकडा लिहून जातो. मी 1996 साली लग्न होऊन बार्शीहून मैलापूरला आले, तेव्हापासूनची कार्डं त्या डब्यात आहेत. सासरे होते तोवर ते डबा उघडून मागच्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताळा बघत. पुढे हे काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर एका कचेरीत हिशेबाचीच नोकरी केली, त्यामुळे ते कुणी सोपवावं लागलं नाही.

इथल्या बिलाचं गणित बाहेरच्यांना सांगितलं की खोटं वाटतं. बिल दोन महिन्यांचं येतं. 2016 पासून घरगुती ग्राहकाला पहिली शंभर युनिट फुकट आहेत. त्यानंतर पायऱ्या. पण खरी पायरी पाचशेवर आहे. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे दोन महिन्यांत बरोबर पाचशे युनिट वापरली तर बिल 1725 रुपये. पाचशे दहा वापरली तर 2030. म्हणजे शेवटच्या दहा युनिटांना तीनशे पाच रुपये पडले, कारण पाचशेची रेघ ओलांडली की मागच्या स्वस्त युनिटांवरचा स्वस्तपणाही काढून घेतला जातो. पुढे दर थोडे बदलले, पायरी मात्र तिथेच राहिली. त्यामुळे इथल्या मध्यमवर्गी घरात उन्हाळा आला की पाचशेची धास्ती असते, जशी आमच्या बार्शीत पाण्याच्या टँकरची असायची.

या धास्तीतून मी एक यादी केली होती. जुन्या घराची वीज कमी करायची आणि घर राहण्याजोगं गार करायचं, तर कुठलं काम आधी, कुठलं नंतर. पंखे, फ्रिज, वायरिंग, छप्पर, खिडक्या, एसी, सौर पॅनेल. सगळं एकदम करायला पैसे नव्हते आणि एवढा सोसही घरात कुणाला नव्हता. म्हणून क्रम.

क्रम लावायचा तर आधी घर समजून घ्यावं लागतं. आमचं घर दोन तुकड्यांचं आहे. पुढचा भाग 1934 चा, मागचा 1974 चा. पुढे तिण्णै म्हणजे ओटा, मग दिवाणखाना, दोन खोल्या, मधे लहानसा चौक. या भागाचं छप्पर म्हणजे ज्याला इथे 'मद्रास टेरेस' म्हणतात ते. सागवानी तुळया हात-दीड हातावर टाकायच्या, त्यांच्यावर छोट्या पातळ विटा उभ्या कडेवर, तिरप्या ओळीत, चुन्यात बसवायच्या. खाली लाकडाचा आधार देत नाहीत. वीट विटेला आणि चुना दोघांना धरून ठेवतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा जाड कोबा, लाकडी थापीने दिवसचे दिवस बडवलेला, वर कडुक्काय म्हणजे आपला हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी शिंपडत. शेवटी वर चपट्या भाजलेल्या फरशा. सगळी जाडी फूटभराच्या आसपास जाते.

मी पहिल्यांदा ते छप्पर खालून पाहिलं तेव्हा मला आमच्या माळवदाची आठवण झाली. बार्शीकडे जुन्या घरांवर तुळया, त्यावर किलचण आणि त्यावर हातभर पांढरी माती. पावसाळ्यात वर गवत उगवायचं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना आजी माळवदाखाली घोंगडी अंथरून दुपारची गाढ झोपलेली मला आठवते. माती आणि चुना दोघंही ऊन आत यायला इतका वेळ लावतात की ते आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. सोलापूर जिल्ह्यात मग रात्र गार पडते आणि छप्पर आपली उष्णता आकाशाला परत करून टाकतं. लोक माळवदावरच झोपायचे.

चेन्नईची गोष्ट तिथेच वेगळी होते. इथे मे महिन्यात रात्रीचा पारा अठ्ठावीसच्या खाली क्वचितच उतरतो, हवेत समुद्राची वाफ असते. 'अग्निनक्षत्रम' म्हणून जे पंचवीस-एक दिवस मेमध्ये मोजले जातात, कत्तिरि वेयिल त्याचंच दुसरं नाव, त्या दिवसांत दुपारी समुद्रावरचा वारा वेळेवर आला तर ठीक, नाही आला तर शहर भाजून निघतं. मे 2003 मध्ये इथे 45 अंशांची नोंद झाली. मी त्या वर्षी मुलीला घेऊन माहेरी गेले होते आणि बार्शी मला थंड वाटली.

पुढचा भाग हे सगळं सहन करतो. मागचा करत नाही. मागे स्वयंपाकघर, एक खोली आणि तिला जोडून न्हाणीघर. वर चार इंची काँक्रीटचा स्लॅब, त्यावर त्या काळी घातलेला पातळ कोबा, आता जागोजाग फुगलेला. खोलीची एक भिंत पश्चिमेला. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खोलीत सोडायला लागतो. नऊ, दहा, अकरा वाजले तरी छताखाली हात धरला की तवा नुकताच उतरवल्यासारखं वाटतं. पंखा लावला तर तो छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलतो. आणि या खोलीत सासूबाई झोपतात.

त्या पुढच्या गार खोलीत का झोपत नाहीत, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. कारण न्हाणीघर. वय एक्क्याऐंशी, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि पुढच्या खोलीतून न्हाणीघराकडे यायचं तर चौकाच्या दोन पायऱ्या उतरून चढाव्या लागतात. एकदा तिथे त्या पडल्या आहेत. पुढेच एक न्हाणीघर बांधावं, हा सगळ्यात शहाणा उपाय होता. वीज वाचवायच्या कुठल्याही पुस्तकात तो सापडणार नाही, पण माझ्या यादीत तो पहिला होता. पुढच्या खोलीची भिंत मात्र देवघराला लागून. तिथे नळ आणि मोरी होणार नाही, असं सासूबाईंनी सांगितलं, आणि तो विषय संपला.

सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ जी घरं खाली उतरली, त्यांपैकी कुणाची तरी ही साडेतीनशे वर्षांनंतरची शाखा. त्यांचं मराठी मला पहिल्या वर्षी अर्धंच कळायचं आणि माझं मराठी त्यांना फार रागावल्यासारखं वाटायचं. आम्ही दोघी हिशेबाला मात्र सारख्या. घरात काही घ्यायचं असलं की त्या एकच विचारतात, हे किती दिवस टिकेल?

हाच प्रश्न माझ्या यादीचा खरा अडसर होता. आमच्या गल्लीत आता जुनी घरं तीन उरली आहेत. बाकीच्यांनी बिल्डरला जागा दिली, जुनं पाडलं, चार मजले उठले, अर्धे फ्लॅट मालकांना, अर्धे बिल्डरला. आमच्याकडेही दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन बसतं. धाकटे दीर परदेशात असतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: "वहिनी, दोन-तीन वर्षांत हे घर पाडायचंच आहे. छपरावर पैसे म्हणजे पाण्यात. जे उचलून नेता येईल तेवढंच घ्या." त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी यादीत एक रकानाच वाढवला: 'नेता येईल का'. पंखे नेता येतील. फ्रिज, एसी, सौर पॅनेलसुद्धा. छप्पर, वायरिंग, खिडक्यांची दुरुस्ती, बाहेरची सावली हे घराबरोबर जाणार. आणि रकाना भरल्यावर दिसलं की नेता येणाऱ्या वस्तू बिल कमी करतात, पण सासूबाईंची खोली गार करणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट न नेता येणाऱ्यांत आहे. एसी तेवढा अपवाद.

आणि एसी ही यादीत शेवटून दुसरी असायला हवी होती. यामागचं कारण सोपं आहे. खोलीत जितकं ऊन शिरतं तितकं यंत्राने बाहेर फेकायचं असतं. आधी शिरणारं ऊन कमी केलं तर लहान यंत्र पुरतं, ते कमी वेळ चालतं. आधी यंत्र घेतलं तर ते तापलेल्या स्लॅबच्या मापाचं घ्यावं लागतं, आणि नंतर छप्पर सुधारलं की ते मोठं यंत्र गळ्यात राहतं. सौर पॅनेल त्याहून शेवटी, कारण घराला खरी किती वीज लागते हे कळल्याशिवाय किती पॅनेल घ्यायची ते ठरत नाही.

हा क्रम या गावाला नवा नाही. मरीनावर, आमच्या घरापासून फार लांब नाही, आइस हाउस उभं आहे. आज त्याला विवेकानंदर इल्लम म्हणतात, कारण 1897 मध्ये पश्चिमेतून परतताना स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते. बांधलं ते 1842 मध्ये, फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या बर्फासाठी. तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून, जहाजात भरून, विषुववृत्त दोनदा ओलांडून तो हिंदुस्थानात विकायचा. 1833 मध्ये त्याची पहिली खेप कलकत्त्याला पोचली. चार महिन्यांच्या प्रवासात बर्फ उरतो कसा, याचं उत्तर लाकडाच्या भुश्शात होतं. भुसा नीट ठासला की ऊन आत शिरत नाही, शिरलं नाही की बर्फ वितळत नाही. ट्यूडरने थंडी तयार करायचं एकही यंत्र पाहिलं नसेल. पुढे वाफेच्या यंत्रावर इथेच बर्फ बनू लागला आणि त्याचा धंदा बसला. मला त्या इमारतीवरून बसने जाताना दर वेळी वाटतं की यंत्र आलं आणि भुसा विसरला गेला.

नागपूरच्या माझ्या मावसबहिणीने फोनवर कूलर सुचवला, तेही सांगून टाकते. वाळ्याचे पडदे, पाणी, पंखा. विदर्भात ते चालतं कारण तिथली हवा कोरडी असते, पाणी पिऊन घेते आणि गार होते. चेन्नईची हवा आधीच भिजलेली. इथे कूलर लावला की खोलीत ऊब तीच राहते, वर कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. वाळा इथेही आहे, त्याला वेट्टिवेर म्हणतात, पण तो माठातल्या पाण्यात टाकायचा.

माझा क्रम असा ठरला होता. आधी वायरिंग, कारण पुढच्या भागात लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या जुन्या तारा होत्या आणि अर्थिंग नावापुरतं. मग छपराची गळती. मग छपरावर पांढरं. मग पश्चिमेच्या भिंतीला सावली. पंखे अधूनमधून, एकेक करून, जो सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी. साधा छताचा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास, आणि इथे पंखे मार्गळीचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर फिरतात. 2023 पासून पंख्यांवरही तारे छापणं सक्तीचं झालं, त्यामुळे निवड सोपी. नंतर फ्रिज. मग एसी, एक टनाचा. मग सौर. गळती-पांढऱ्याच्या बाबतीत आमच्या मेस्त्रीचं एकच वाक्य होतं: "अम्मा, मुदल्ल ओळुगल, अप्पुरम वेळ्ळै." आधी गळती, मग पांढरं. ओल्या कोब्यावर पांढरा लेप दिला तर आतली वाफ बाहेर पडायला बघते आणि लेपाला फोड येतात. शिवाय छपराचं काम जानेवारी ते एप्रिलमध्येच. चुन्याला मुरायला वेळ लागतो, आणि ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस.

हा सगळा क्रम 2024 च्या मे महिन्यात मोडला. रात्री दीडच्या सुमाराला सासूबाई उठल्या आणि न्हाणीघराच्या दारात खाली बसल्या. बोलणं लटपटत होतं, अंग कोरडं आणि तापलेलं. आम्हाला वाटलं झटका. रुग्णालयात नेलं, सलाइन लावलं, सकाळपर्यंत शुद्धीवर नीट आल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, झोपतात कुठे? मी सांगितलं. ते म्हणाले, या वयात तहान कळत नाही, घाम कमी येतो, शरीर रात्री गार झालं पाहिजे. खोली अठ्ठावीसच्या खाली ठेवा, कशी ठेवायची ते तुम्ही बघा.

माझ्या यादीत ते 'कसं' पुढच्या एप्रिलमध्ये होतं.

दीर फोनवर म्हणाले, आजच दीड टनाचा मागवतो, उद्या बसेल. मी तीन दिवस मागितले. ते तीन दिवस सासूबाई पुढच्या खोलीत, मद्रास टेरेसखाली झोपल्या, शेजारी कमोडची खुर्ची ठेवून, जिचा त्यांना मनस्वी तिटकारा. मीटरपासून मागच्या खोलीपर्यंत एसीसाठी वेगळी जाड तार ओढली, एमसीबी बसवला, अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा केला. हे मी पुढे ढकलू देणार नव्हते. नव्वद वर्षांच्या लाकडी पट्टीतून एसीचा भार न्यायचा तर घर गार होण्याआधी पेटलं असतं.

आणि त्याच तीन दिवसांत, दोन संध्याकाळी, यांनी आणि मी स्लॅबवर चुना मारला. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडा फेविकॉल, नारळाच्या केरसुणीने दोन हात. खर्च हजाराच्या आत. मेस्त्री तोंड वाकडं करून बघत होता, पण त्याला मी म्हटलं की हे टिकण्यासाठी नाही. भाच्याच्या कारखान्यातून लांबून ताप मोजायचं पिस्तूल आणलं होतं. चुना मारायच्या आधी दुपारी तीनला स्लॅबचा वरचा भाग अठ्ठावन्न अंश. मारल्यानंतर, तितक्याच उन्हात, त्रेचाळीस. आणि मला ज्याची ओढ होती तो आकडा, रात्री दहाला खोलीच्या आतल्या छताचा: आधी अडतीस, चौथ्या रात्री साडेचौतीस. काँक्रीट उन्हाचा मोठा भाग पिऊन टाकतं, ताजा पांढरा चुना बराचसा परत पाठवतो. एवढंच. पण तो आकडा बघून मी गच्चीवर बराच वेळ उभी राहिले.

तमिळमध्ये गच्चीला 'मोट्टै माडी' म्हणतात. मोट्टै म्हणजे बोडकी, मुंडण केलेली. माडी म्हणजे आपलीच माडी. ही माडी बोडकी आहे, हे नावातच आहे. तिच्यावर टोपी घालायची कल्पना मात्र कुणाला फारशी सुचत नाही.

एसी आला तो एक टनाचाच. दुकानदार ऐकेना. वरून स्लॅब, पश्चिमेची भिंत, दीड टनाशिवाय हमी नाही म्हणाला. मी त्याला खोलीचं माप दाखवलं, दहा बाय अकरा, आणि सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात वरचा स्लॅब असा राहणार नाही. त्या पहिल्या मेमध्ये यंत्र जवळजवळ न थांबता चाललं, हे खरं. बाहेरचं खोकं पश्चिमेला न टांगता उत्तरेच्या बोळात टांगलं, तेवढाच त्याला श्वास. छताजवळचे दोन झरोके विटा लावून बुजवू असं बसवणारा म्हणाला, मी लाकडी झडपा करून घेतल्या. 2016 च्या डिसेंबरात वरदा वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली की त्या खोलीला पुन्हा साधी खोली होता आलं पाहिजे, गरम हवा वरून निघाली पाहिजे. छपराची मला ओढ आहे ती यामुळेही. ते ईबीवर चालत नाही.

त्या मे-जूनचा कार्डावरचा आकडा 742. पाचशेच्या पायरीवरून आम्ही गडगडत खाली आलो होतो. सासूबाईंना रात्रभर झोप लागत होती. मी बिल भरलं, कार्ड डब्यात टाकलं आणि छपराचा विषय काढला.

आता दीर म्हणाले, एसी बसला ना, प्रश्न सुटला, आता छप्पर कशाला? कोबा उकरून नव्याने घालायचा, उतार नीट करून पावसाचं पाणी संकलनाच्या नळाकडे न्यायचं (2003 पासून इथे प्रत्येक घराला ते सक्तीचं आहे, आणि जुन्या कोब्याचा उतार भलतीकडे झाला होता), वर पांढऱ्या फरश्या, असं मिळून मेस्त्रीने एक लाख चाळीस हजार सांगितले होते. मी हिशेब मांडला. निव्वळ विजेच्या बचतीत हे पैसे दोन-तीन वर्षांत परत येत नाहीत, दहातही येतील की नाही शंका. हिशेबाच्या बाईला हे मान्य करावंच लागतं. यांनी हिशेब पाहिला आणि गप्प बसले. भावाशी भांडायचं त्यांच्या स्वभावात नाही.

तेव्हा सासूबाईंनी बँकेचं पुस्तक काढलं. त्यांची एक ठेव होती, ती कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं: त्यांच्यामागच्या तेरा दिवसांसाठी. कुणावर भार नको म्हणून दर दोन वर्षांनी त्या नूतनीकरण करत. मला म्हणाल्या, ती मोड. मी म्हटलं, आई, ते पैसे त्यासाठी नाहीत. त्यावर त्या त्यांच्या तंजावरी हेलात म्हणाल्या, वर जायच्या आधी वरचं नीट करू. दिरांना फोनवर त्यांनीच सांगितलं. मी आहे तोवर घर आहे, आणि मी आहे तोवर पाऊस आत येणार नाही. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग दीर म्हणाले, अर्धे मी पाठवतो. पाठवले. ठेव अर्धीच मोडली.

काम फेब्रुवारी 2025 मध्ये झालं. जुना कोबा उकरताना स्लॅबमध्ये दोन ठिकाणी सळई गंजलेली निघाली. ती वेळेवर दिसली, नाहीतर वरून कितीही पांढरं केलं असतं तरी आतून स्लॅब खचत राहिला असता. हिरडा-गूळ आता कुणी वापरत नाही, निदान आमचा मेस्त्री नाही, पण त्याच्या आईने वापरलेला त्याला आठवत होता. बायका ओळीने बसून लाकडी थापीने कोबा बडवत आणि गात असत, म्हणाला. आमच्याकडे तीन दिवस बडवणं झालं, गाणी मोबाइलवर.

2025 च्या मे-जूनचा आकडा 531. एसी तोच, माणसं तीच, पंखे तेवढे बदललेले. एसी रात्री दोनच्या पुढे स्वतःच धीमा होतो, त्याचा आवाज बदलतो, तो ऐकायला मी एकदोनदा जागी राहिले आहे. पायरी एकतीस युनिटांनी हुकली. ती एकतीस कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. ती स्वयंपाकघरात, 1998 मध्ये सासऱ्यांनी आणलेल्या फ्रिजमध्ये आहेत. मी प्लगला मीटर लावून पाहिलं, दिवसाला दोन युनिटांच्या वर खातो. आजचा त्याच मापाचा फ्रिज याच्या निम्म्यातही भागवतो. माझ्या पहिल्या यादीत पैशांच्या हिशेबाने तो सगळ्यात वर असायला हवा होता: खर्च कमी, बचत रोजची, आणि नेता येणारा. पण सासूबाई म्हणतात, गार करतो ना? करतो. बर्फही होतो. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि सक्तीने तो उचलायची मला घाईही नाही.

सौर पॅनेलचं अडून आहे. 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान. चेन्नईच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे आमची सगळी गरज भागून वर उरेल. पण दक्षिणेच्या फ्लॅटची सावली डिसेंबर-जानेवारीत अर्ध्या गच्चीवर असते, आणि मद्रास टेरेसवर सांगाड्याचे पाय रोवायला मेस्त्री तयार नाही. उरते ती मागची नवी पांढरी गच्ची. तिथे पॅनेल बसतील, खालच्या स्लॅबला आयती सावलीही होईल. यात दिरांची हरकत नाही, पॅनेल नेता येतात. हरकत सासूबाईंची आहे.

त्यांचं म्हणणं, मागच्या गच्चीवर त्या पंचावन्न वर्षं सांडगे घालत आल्या आहेत. 1974 च्या आधी पुढच्या गच्चीवर, नंतर मागच्या. मार्चमध्ये पांढऱ्या फरशीवर त्यांनी प्लास्टिक अंथरून कोहळ्याचे सांडगे घातले तर ते दोन दिवसांऐवजी चार दिवसांनी वाळले, एक घाणा आंबूस झाला. खालून ऊब येत नाही ना, असं त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, जसा काही तो दोष मी दुकानातून निवडून आणला होता. वर पॅनेलची सावली आली तर संपलंच.

मी पिस्तूल घेऊन वर गेले. टाकीच्या पूर्वेला, न्हाणीघराच्या डोक्यावर, कुणी झोपत नाही अशा भागात, साधारण सहा फूट बाय सहा फुटांचा तुकडा मेस्त्रीने फरश्या कमी पडल्या म्हणून सिमेंटचाच सोडला आहे. तो पांढरा करायला तो पुढच्या आठवड्यात येणार होता. दुपारी अडीचला तिथे छप्पन्न अंश भरले. मी मेस्त्रीला फोन करून सांगितलं, येऊ नको. पॅनेलचा आराखडा आता त्या तुकड्याच्या अलीकडे थांबवून पुन्हा काढायचा आहे. तीनऐवजी दोनच किलोवॅट बसतील असं दिसतं.